येण्याआधीच मारलेल्यांविषयी

मी, कुशाबा रामचंद्र तळवडेकर, वय ६९, आधी हवाई दलात व नंतर गिरणीत फिटर, राहणार लालबाग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. थकलो आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. खोलीचा भाडेहक्क व बँकेतील शिल्लक मुलगा धर्मा यास.

२. हत्यारांची पेटी चाळ कमिटीला. नेलेले पान्हे परत आणून ठेवावेत; आजवर कुणी ठेवलेले नाहीत.

३. कात्रणांच्या सात वह्या सुमेधा गुणाजी शिर्के हिला. ती पालिकेच्या शाळेत इतिहास शिकवते. वह्यांचा विषय एकच: समोरचा देश हल्ला करील म्हणून त्याच्यावर आधीच केलेला हल्ला. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी मी पठाणकोटच्या तळावर होतो. पाकिस्तानी विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले. सदुसष्ट साली इस्रायलने इजिप्तची विमाने जमिनीवरच मोडली, तसेच त्यांना आमचे करायचे होते. आमची विमाने आडोशाला होती. आम्ही खड्डे बुजवले, आणि युद्ध मात्र पेटले. तरी मी मानत राहिलो की आधी मारतो तो शहाणा. एक्क्याऐंशीत इस्रायलने इराकची अणुभट्टी उडवली, सुरक्षा परिषदेने निषेध केला. मी पेढे वाटले नाहीत, एवढेच.

४. हे कलम देण्याघेण्याचे नाही. जून १९८२, संपाचा सहावा महिना. कुणीतरी सांगितले की आमच्याच गिरणीतला गुणाजी शिर्के माणसे जमवतोय, उद्या संपवाल्यांना झोडपून कामावर जाणार. मी चौघांना घेऊन सकाळीच त्याच्या खोलीत शिरलो आणि त्याच्या उजव्या मनगटावर लोखंडी पट्टी मारली. मग वळकट्या दिसल्या. ती माणसे कोकणात गावी निघाली होती. इथे खायला उरले नव्हते. सहा वर्षांची सुमेधा एका वळकटीवर बसली होती. गुणाजीचा हात पुन्हा मागावर चालला नाही. पोलिसांना त्याने माझे नाव सांगितले नाही.

यंदा मार्चमध्ये, उद्याचा धोका सांगत अमेरिका इराकमध्ये घुसली, तेव्हा मी प्रथमच त्याच्याकडे गेलो.

"मला तेव्हा वाटलं, तू मारायला येणार," मी म्हणालो.

"कुशा, दार उघडंच होतं रे. विचारायचं होतंस."

माफीचे बोलणे झाले नाही. सदुसष्टवरून सुमेधा आणि मी अजून भांडतो. ती म्हणते, "काका, सीमेवर उभी इजिप्तची फौज डोळ्यांना दिसत होती. तुम्ही काय पाहिलं होतं?" म्हणून वह्या तिलाच.

५. धर्मा, सुमेधा खोलीवर हक्क सांगेल या भीतीने तू वकील गाठला आहेस, हे मला समजले. तिने तसा शब्दही काढलेला नाही. नोटीस पाठवू नकोस. वह्या न्यायला ती येईल तेव्हा तिला बसव, चहा कर. ती साखर घेत नाही.

वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली.

कुशाबा रा. तळवडेकर

साक्षीदार:
झेवियर डिमेलो, शेजारी
कमळाबाई धोंडू सावंत, शेजारी

लालबाग, मुंबई
१४ सप्टेंबर २००३