मसाल्यात खसखस आहे का

सोम., १२ जाने.
तिकीट आलं. शुक्रवारी मस्कत. कॅम्पच्या किचनमध्ये हेल्पर. आजच बॅग भरायला घेतली. पॉवरबँक हातातल्या बॅगेत. ब्लेड, कात्री मोठ्या बॅगेत. सुकं खोबरं कुठेच चालत नाही, आईनं काढलेल्या वाट्या परत डब्यात गेल्या. लोणचं तीन पिशव्यांत बांधलं. भाताच्या गिरणीतल्या काट्यावर बॅग ठेवून पाहिली. वजन बसतं. गिरणीवाला म्हणाला, तांदूळ नेतोस का कोंडा?

मंगळ., १३
संतोषदादाचा फोन. मावसभाऊ, तिथेच असतो. म्हणाला, मसाला आण, पण खसखस असलेला नको. तिकडे ती नशेत धरतात, आत टाकतात. त्याच्या रूममधल्या एकाचं सांगत होता, मी पुढचं ऐकलंच नाही. आईचा मसाला बॅगेत तळाला.
आईला विचारलं. "गरिबाच्या मसाल्यात खसखस कुठली रे?"
बरं वाटलं. पण मसाला आमचा एकट्याचा नाही. दर उन्हाळ्यात आई आणि शेजारची काकी दोन्ही घरांचं सामान एका चादरीवर ओततात, मुरबाडला डंकावर कुटून आणतात, मग मापानं वाटून घेतात. म्हणून काकीला विचारलं.
"मी टाकली व्हती. आमच्या घरात खसखशीबिगर मसाला व्हत नाय."
आई दारातून ऐकत होती. "तिची खसखस तोंडातच असते."

बुध., १४
मसाला बारीक चाळणीनं चाळून पाहिला. सगळाच खाली पडला. कुटल्यावर काय दिसणार. शेवटी काढूनच ठेवला. बॅगेच्या शिवणी दात घासायच्या जुन्या ब्रशनं झाडल्या. आई नीट जेवली नाही.
संक्रांत. काकी तिळगूळ घेऊन आली. दोघी एकमेकींना गोड बोल म्हणाल्या आणि नंतर बोलल्याच नाहीत.

गुरु., १५
काकीला विहिरीवर एकटीला गाठलं. म्हटलं, खरं सांग, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. मसाला काढला हे तिला माहीत, म्हणून तिला घाई नाही. "टाकली म्हणजे टाकली. तुला आईनं पाठवलान का इचारायला?"
नाही म्हणायचं तर तिची आईपुढे मान खाली जाते. ते कळतं मला. पण खरंच टाकली असेल तर…
बॅग पुन्हा काट्यावर. हलकी झाली. कुलूप लावलं नाही, तपासणीत तोडतात म्हणे.

शुक्र., १६. विमानतळ
जीपनं कल्याण, पुढे भाड्याची गाडी. काउंटरच्या काट्यावर बॅग कालच्यापेक्षा जड. वाटलं, काट्याकाट्यात फरक असतो. काउंटरवरच्या मुलीनं बॅगेला पट्टी लावली, बॅग आत गेली. मग मसाला आठवला. आईला फोन.
"वाटीभरच हाय. गोधडीच्या घडीत. तिकडचं सपक तुला नाय जायचं."
मी म्हटलं, आई, अगं काय केलंस. ती म्हणाली, खसखस नाय त्यात, माझ्यावर इश्वास नाय का?
काकीला लावला. बॅग गेली, मसाला आत आहे, सगळं सांगून टाकलं. तिनं आवाज खाली आणला.
"नव्हती टाकली रे. लय महाग झाली. तुझ्या आईला बोलू नको."
मोकळं वाटायला हवं. पण बॅग गेल्याचं मी आधी सांगायला नको होतं. आता ती खरं बोलली, का मला धीर दिला?
काउंटरवर परत गेलो. बॅग मागवता येते, पण वेळ लागेल, विमान चुकू शकतं. तिकीट कंपनीचं आहे. चुकलं तर माझ्या जागी दुसरा जाईल, एजंटनं आधीच बजावलंय. मुलीनं विचारलं, बॅगेत काय आहे? म्हटलं, घरचं सामान. ती म्हणाली, काय ते लवकर ठरवा, काउंटर बंद होतंय.
समोरच्या खुर्चीवर बसून लिहितोय. काकीला पुन्हा लावला. उचलत नाही.