हौद्यातलं ताक

४ फेब्रु. १९५३
सकाळी दारात तमाशा. दादू गवळी दूध घालत होता. दुधात पाणी म्हणून बाजीरावाशी बाचाबाची. बाजीराव आमच्या तालमीचा गडी, वस्तादांचा पुतण्या. त्यानं दादूच्याच हातातलं पितळी माप हिसकावलं नि तोंडावर हाणलं. मी दोन हातांच्या अंतरावर, तपेली घेऊन उभा.

९ फेब्रु.
दादूचा डावा डोळा गेला. बाजीरावावर खटला.
वस्ताद घरी आले. "मास्तर, त्या वक्ताला बाजी तालमीत कुस्तीच्या हौद्यात लढत हुता. तुम्ही बघितलंय. एवढंच बोलायचं." तालमीची अब्रू म्हणे. ही खोली तालमीनं मिळवून दिली, तेही ऐकवलं. मी मान हलवली. नाही म्हणायला जीभ झडली होती काय माझी?

२० मार्च
कोर्ट. शपथ घेऊन धडधडीत खोटं बोललो, पाढे म्हणावेत तसं. दादू समोर बाकावर, डोळ्याला फडकं. बाहेर पडताना त्यानं मला नमस्कार केला. थू माझ्यावर.

२२ मार्च
हल्ली दूध दादूची बायको तानूबाई घालते. आमचा रतीब तोडला नाही. माप ओतता ओतता म्हणाली, "मास्तर, त्या दिशी हौद्यात कोण लढंल? आदल्या सांजंला दोन घागरी ताक मीच घातलं की मातीत. ते मुरंपत्तुर कोण उतरतंय? वकिलास्नी सांगणार हाय."
खरंच की. माती नवी केली होती, हौदा चार दिवस बंद. एवढी मोठी तालीम, एकाच्या ध्यानात आलं नाही. मी तर शिकलेला.

२३ मार्च
वस्तादांना जाऊन सांगितलं. मीच. खोट्या साक्षीत तुरुंग, नोकरी जाणार, म्हणून पाय आपोआप तिकडं वळले. घरी येऊन तीनदा चूळ भरली.

२६ मार्च
वस्तादांचा हुकूम : ताक मारामारीनंतरच्या आठवड्यात घातलं, असा कागद तानूबाईच्या नावानं करायचा. तिला सांगायचं, डोळ्याच्या भरपाईचा अर्ज आहे. अंगठा घ्यायचा. वस्तादांच्या मते ती अजूनही माझ्यावर विश्वास ठेवते, म्हणून काम माझ्याकडं.
लिहिला. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. शिसारी आली.

२७ मार्च
तानूबाई आली. कागद पुढं केला. "अर्ज आहे," म्हटलं. तिनं अंगठा शाईला लावला आणि थांबली.
"काय लिवलंय ते वाचून दावा की. मग उठवतो."
म्हटलं, चष्मा सापडत नाही, उद्या बघू.
"नाकावर हाय की, मास्तर."
काहीतरी पुटपुटत आत आलो. हे लिहितोय. ती उंबऱ्यात बसलीय, शाईचा अंगठा वर धरून. पदराला पुसलेला नाही. कागद तिच्यासमोरच राहिलाय.
आता हाक मारली तिनं.