आईचा शेवटचा सीन

४ नोव्हेंबर, सोमवार

अकरा टेक! अकरा! आणि दर वेळी मॉनिटरमागून दादाचा एकच शब्द — "पुन्हा." काय चुकलं ते सांगायचं नाही. सेटवर मी त्याला सर म्हणायचं, ही त्याचीच अट. सख्खा भाऊ, आणि सर! म्हणे, नाहीतर लोक म्हणतील बहीण म्हणून घेतली. लोकांनी तसं म्हणू नये म्हणून सगळ्यांदेखत माझीच खरडपट्टी.

शेवटी म्हणाला काय, तर "मरताना आई अशी नाही दिसणार." तू होतास का तिथे?

५ नोव्हेंबर

केस पांढरे करायला दीड तास. मेकअपवाली म्हणाली, "ताई, अगदी आईंच्या फोटोतल्यासारख्या दिसताय." दिसणारच. आई आमची, गोष्ट आमची, पटकथा फक्त दादाची.

सीनमध्ये आज एक नवं वाक्य आलं. जाता जाता आई मुलाला हाक मारते! वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कुणी सांगितलं तुला?" सर-बिर विसरले मी.

"कुणी कशाला सांगायला हवं? सिनेमा आहे हा."

"मग मला आईची साडी कशाला नेसवलीस?"

लाइटवाले उगाच वर दिवे न्याहाळत बसले. मी तशीच निघून आले, पांढऱ्या केसांनी.

६ नोव्हेंबर

गेले नाही. वहिनीचा फोन — "वन्सं, तुम्हीच समजून घ्या, कालपासून जेवले नाहीत हे."

मीच समजून घ्यायचं! सात महिने आईचं अंथरुणातलं सगळं मी केलं. कूस बदलणं, चादरी धुणं, चमच्या-चमच्याने पाणी. नाटकाचे दौरे सोडले. आणि हा? आउटडोअर शूटिंगला! रोज फोनवर "उद्या निघतो." आला तो थेट हार घेऊन. वर मला विचारतो, "माझी आठवण काढली का गं?" नाही म्हटलं. तोंडावर. आता स्वतःसाठी हाक लिहून घेतोय, तीही माझ्या तोंडून! लाज कशी वाटत नाही?

७ नोव्हेंबर

सहायकाकरवी निरोप. उद्या शॉट दिला नाही तर आईचा शेवटचा सीनच काढून टाकणार. स्वतः बोलायची हिंमत नाही. मेल्याने आईला दुसऱ्यांदा टाकली असती! जाईन. देईन.

८ नोव्हेंबर

पहिल्याच टेकला ओके. कट म्हणायचंही त्याला सुचलं नाही, कॅमेरामनच म्हणाला. मग खाटेजवळ आला. "ही हाक कुठून आणलीस?"

"अभिनय केला, सर."

केला नाही. आईने अशीच मारली होती. मी उशाशी बसलेली, आणि ती दाराकडे बघत त्याला हाका मारत होती. तीन वेळा. चार वर्षं मी हे त्याला सांगितलेलं नाही.