बिराप्पाची मेंढी

अणदूर, मंगळवार, संध्याकाळ

मेंढपाळ बिराप्पाची गाभण मेंढी आज माझ्यासमोर मेली. कोवळ्या लसूणघासात शिरून भरपूर चरली होती. डावी कूस टम्म फुगलेली, बोटानं वाजवली तर ढोलासारखी वाजली. पोटफुगीच. जाड सुई माझ्या हातात होती, टोचून वायू काढायचा तेवढा बाकी होता. तरी मी खिशातून फोन काढून एआयला लक्षणं लिहिली. रानात नेट रखडलं. उत्तर येईपर्यंत तिनं मान टाकली. उत्तर होतं: पोटफुगी, ताबडतोब सुई घाला.

तो ढोलासारखा आवाज मी ऐकला होता ना? मग कशाची वाट पाहिली? आधी एआयला फक्त अवघड आजार विचारायचो, मग औषधाचं प्रमाण, आता सगळंच. बहुतेक वेळा ते माझंच म्हणणं परत सांगतं. त्यानं माझा धीर वाढायला हवा होता. वाढला तो त्याच्यावरचा भरवसा.

बिराप्पा ओरडला नाही. म्हणाला, "डाक्टर, हात लावताच तुमी वळखलं व्हतं. म्या तुमचं तोंड बघितलं की. मग फोनला काय इचारत बसलाव?"

"खात्री करत होतो."

"तुमचीच खात्री न्हाय, तर आमी कुणाला बोलवायचं?"

हे लिहितानाच नळदुर्गहून एका शेतकऱ्याचा फोन आला. म्हशीची कास सुजली आहे, दूध नासल्यासारखं येतंय. कासेचा दाह, उत्तर जिभेवर होतं. "जरा थांबा, सांगतो," म्हणून फोन ठेवला, आणि एआयला विचारलं.