ट्रायम्फच्या पुढच्या स्प्रिंगा

९ सप्टेंबर १९९८, बुधवार

पुढचा उजवा शॉक अॅबसॉर्बर काढला. तेल पूर्ण गळून गेलेले. दोन्ही हातांनी दाबला — दबला, आणि दबलेलाच राहिला. डावा अजून काढायचा आहे.

जेवलो की नाही, स्मरत नाही. ताट धुतलेले दिसते. म्हणजे जेवलो असणार.

११ सप्टेंबर

बिरजू मिस्त्रीला बसस्थानकामागच्या त्याच्या गॅरेजमधून बोलावून आणले. गाडीभोवती त्याने एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"सर, हे गाडी आता फोटोत ठेवाची. ब्रह्मपुरीत जीप चालते, ट्रॅक्टर चालते. हिच्यात बसलं का मानसाचं बूड रस्त्याले लागते!"

मी त्याला समजावून सांगितले. ही ट्रायम्फ स्पिटफायर आहे, १९६५ ची. बल्लारपुराहून मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अभियंत्याने ती मागे सोडली. मी ती एका लाकूड-ठेकेदाराकडून घेतली. मला तिची केवळ दुरुस्ती नको आहे. पुढचे सस्पेन्शन मुळाहून अधिक सक्षम हवे — स्प्रिंगा कठीण आणि किंचित उंच, शॉक अॅबसॉर्बर नवे, विशबोनचे, म्हणजे चाक तोलून धरणाऱ्या लोखंडी दांड्यांचे, सारे रबरी बुश नवे. भामरागडचा रस्ता तिने सोसला पाहिजे.

"भामरागड? ह्या शॉकअपवर?" तो हसला. मग मधेच थांबला. "हो जी… बाई नेत होत्या नं दरसाल."

होय. दर वर्षी भाऊबीज आटोपली की कुंता माहेरी जाई. गाडी तीच चालवी. मी शेजारी नकाशा उघडून बसे — आलापल्लीच्या पुढे रस्ता एकच असताना!

१३ सप्टेंबर, रविवार

हेमराज आला. कुंताचा धाकटा भाऊ. सावली गावात शिक्षक आहे. कुंतादेखील शिक्षिकाच. होती.

येथे नीट लिहून ठेवतो, कारण अलीकडे माझ्या डोक्यात क्रम राहत नाही. जुलैमध्ये नागपूरच्या रुग्णालयात कुंता गेली, त्या आठवड्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावरून वाहत होते. भामरागडचा रस्ता बंद. तिच्या आईंना आणणे अशक्य होते, कळवणेही अशक्य. त्याच दिवशी मी ठरवले — रस्ता मोकळा झाला की मी स्वतः जाऊन सांगेन. चिठ्ठीने नाही, कुणाच्या तोंडी निरोपाने नाही. एवढ्या म्हाताऱ्या बाईला तिची मुलगी गेल्याचे परक्याने सांगावे, हे योग्य नव्हे.

हेमराजला विचारले, "आईंना कुणी काही बोलले नाही ना?"

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "कोन सांगन, भाऊजी? तुमी जा. पन लवकर जा. माह्यासंगं बसनं चाला नं!"

मी म्हणालो, गाडी तयार झाली की निघतो.

"गाडी!" तो उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, "तुमची गाडी तं दिवाई होईस्तोवर ठोकळ्यावरच रायते आता."

१६ सप्टेंबर

कॉलेजात दोन तास घेतले. काय शिकवले, ते उद्या विद्यार्थ्यांनाच विचारावे लागेल.

२० सप्टेंबर, रविवार

नागपूर. भंगार बाजारात हेराल्ड गाडीच्या पुढच्या स्प्रिंगांची जोडी मिळाली. हेराल्डचे पुढचे बरेच भाग स्पिटफायरला बसतात. दोघी एकाच घराण्यातल्या. ही जोडी आमच्यापेक्षा अंमळ लांब, तार जाड. गंज वरवरचा. घासून काळा रंग दिला की झाले. शॉक अॅबसॉर्बर मात्र नवे घेतले.

परतताना रिक्षावाला रुग्णालयाच्या रस्त्याने नेऊ लागला. त्याला दुसऱ्या रस्त्याने न्यायला सांगितले. "साहब, लंबा पडेगा." पडू दे, म्हणालो.

२७ सप्टेंबर

जुनी स्प्रिंग काढताना अपघात होता होता वाचला. दोन लांब बोल्ट आणि पट्ट्या लावून स्प्रिंग दाबून धरली होती. एक बोल्ट आट्यांवरून घसरला. "पळा सर!" बिरजू ओरडला, आणि स्प्रिंग माझ्या कानाजवळून जाऊन न्हाणीच्या पत्र्यावर आदळली. पत्र्याला मोठा खड्डा पडला आहे.

बिरजू अंगणात बसून पोट धरून हसत होता. "बाई असत्या तं आज दोघायलेबी घरात घेतलं नसतं! भायेरच जेवाले लागलं असतं!"

मी रिंच पुसत उभा होतो. येथे हसावयास हवे होते, हे तो गेल्यानंतर लक्षात आले.

४ ऑक्टोबर

उजवी बाजू बसली.

५ ऑक्टोबर

डावी बाजू बसली. ठोकळे काढून गाडी खाली घेतली — आणि नाक वर करून तशीच राहिली! बिरजू दोनदा बॉनेटवर बसला, तरी बसेना.

"बेंडकी झाली जी सर! आता उडी मारते!"

चूक माझी. चाके अधांतरी असतानाच मी विशबोनचे बोल्ट पूर्ण आवळले. रबरी बुश त्याच स्थितीत घट्ट धरले गेले. आता गाडीचे वजन आले तरी ते पीळ सोडत नाहीत. वजन चाकांवर असतानाच अखेरचे आवळायचे असतात. हे मला ठाऊक होते. वर्षानुवर्षे ठाऊक होते. काही बुश पीळ बसून फाटले. ते पुन्हा मागवावे लागतील. चंद्रपुराहून येईपर्यंत दिवाळी.

चूक मुद्दाम केली नाही. परंतु ती सापडली तेव्हा मला वाईट वाटले नाही. कागदावर तरी खरे लिहावे: मला बरे वाटले. बुश येईपर्यंत मला कुठेही जावे लागणार नाही.

१२ ऑक्टोबर

बुश आले नाहीत.

२१ ऑक्टोबर, भाऊबीज

मला वाटले होते, आज हेमराज येणार नाही. तो आला. पाटावर बसला नाही, ओट्यावरच टेकला. मी चहा केला. साखर घालायची राहिली. त्याने तसाच पिऊन टाकला.

मग म्हणाला, "भामरागडची जीपबी सुरू झाली. आईचा निरोप आला. गाडी कवा येते म्हून इचारते."

"कुंताबद्दल काय विचारले?"

"काही नाई. गाडी कवा येते, एवढंच."

स्वाभाविक आहे. त्यांच्या लेखी गाडी आली म्हणजे मुलगी आली. दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे त्यांना कधी वाटण्याचे कारणच नव्हते.

"मी येतो नं संगं, भाऊजी. तुमी नोका बोलू. म्या बोलन."

मी नकार दिला. हे माझे काम आहे.

१ नोव्हेंबर, रविवार

बुश आले, काम संपले. या वेळी वजन चाकांवर ठेवूनच बोल्ट आवळले. गाडी सरळ उभी आहे. पुढून पूर्वीपेक्षा बोटभर उंच.

बिरजूला शेजारी बसवून वैनगंगेच्या पुलापर्यंत नेऊन आणली. तो मुद्दाम खड्डे दाखवत होता — "हा घ्या! आता थो घ्या!" सारे घेतले. पूर्वी प्रत्येक खड्ड्यात पुढून 'धाड' असा लोखंडी आवाज येई आणि कुंता म्हणे, "आपटली बाई तोंडावर!" आता एक शब्द नाही. वळणावर गाडी कलत नाही. स्टिअरिंग हातात स्थिर राहते.

फार उत्तम काम झाले आहे. असे लिहिल्यावर काहीतरी वाटेल, म्हणून थोडा वेळ थांबून पाहिले.

८ नोव्हेंबर

सहामाहीच्या उत्तरपत्रिका. निघालो नाही.

१५ नोव्हेंबर

उत्तरपत्रिका.

१७ नोव्हेंबर

बिरजू सायकल थांबवून फाटकातून ओरडला, "सर, आता कोनता नट राह्यला?"

"एकही नाही."

"मंग?"

तो एक पाय जमिनीवर टेकून उभा राहिला. "हवा भरून देऊ का चाकाईत?" हवा पुरेशी होती. तरी मी हो म्हणालो. त्याने चारही चाके तपासली आणि गेला.

२२ नोव्हेंबर, रविवार. भामरागड

पोहोचलो.

पहाटे निघालो. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीला चहा घेताना वाक्य तयार केले. खरे तर दोन केली. पहिले — "आई, एक वाईट बातमी घेऊन आलो आहे." दुसरे — "आई, कुंता आता नाही." पहिले लांब होते, दुसरे फार आखूड. पुढच्या सागाच्या जंगलात दोन्ही मोठ्याने म्हणून पाहिली.

एका नाक्यावर पोलिसांनी थांबवले. तरुण शिपाई गाडीभोवती फिरला. "हे काय होय? खेळनं?" मी सांगितले, मोटारगाडी. "एवढीशी? आमच्या साहेबाचे पायच मावनार नाईत हिच्यात!" दुसऱ्याने वाकून आत पाहिले. "एकटेच हाव का?" होय, एकटाच. त्यांनी दांडा वर केला.

रस्ता वाहून गेलेला, जागोजागी दगड. पर्लकोटेच्या पुलाचे कठडे पुराने वाकवलेले. गाडीने सारे निमूट सोसले. घराच्या अलीकडे एक मोरी आहे, तिच्या तोंडाशी भला मोठा खड्डा. दर वर्षी तेथे गाडीचे तोंड आपटे, आणि तो आवाज ऐकून आई कुंपणाशी येऊन उभ्या राहत. आज खड्डा आला आणि गेला.

कुंपणाशी कुणी नव्हते.

मी इंजिन बंद करून बसून राहिलो. अंगणात तट्ट्यावर मासोळ्या वाळत घातलेल्या. आई मागच्या बाजूला जाळे शिवत होत्या. अखेर मीच हाक मारली.

त्या हात पुसत आल्या. "जवाईबापू? आवं, गाडी वाजली नाई!"

"दुरुस्त केली, आई. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या."

"मंग आमाले कसं समजाचं कोन आलं थे?"

हे माझ्या ध्यानीच आले नव्हते. मी दोन महिने गाडीखाली पडून नेमका तो आवाज काढून टाकला, ज्यामुळे या बाईला आपली मुलगी आल्याचे कळत असे. उभा राहिलो. तयार केलेली दोन्ही वाक्ये तोंडात होती. आणि मी म्हणालो —

"कुंताला शाळेतून रजा मिळाली नाही."

मी असे म्हणालो! हे वाक्य मी तयार केलेले नव्हते. ते कोठून आले, मला माहीत नाही.

आईंनी माझ्याकडे पाहिले. बराच वेळ. मग म्हणाल्या, "शाळेत लय काम रायते बाप्पा." आणि पाय धुवायला पाणी आणले.

त्यानंतर त्यांनी काही विचारले नाही. तिची प्रकृती कशी, ती कधी येईल, काहीच नाही. भात वाढला, मासोळीचा रस्सा वाढला. "खा. किती सुकलाव तुमी! गाडीले खाऊ घातलं, सोताले नाई." शेजारच्या बाया गाडी पाहायला आल्या, त्यांना आईंनी कुंपणाबाहेरूनच परत पाठवले. "जवाई थकून आले. उद्या पायजा."

संध्याकाळी त्या गाडीजवळ उभ्या होत्या. तळहात बॉनेटवर ठेवून. मला पाहून म्हणाल्या, "आतापावतर गरम आहे."

२३ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा सांगण्याचा प्रयत्न केला. "आई, मला तुम्हाला काही सांगायचे आहे." त्या चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "पुढच्या खेपेले सांगजा. काई घाई नाई."

निघताना दोन पुरचुंड्या दिल्या. भाकरी आणि सुकटीची चटणी. "हे तुमचं. हे तिचं. तिचंबी तुमीच खाजा वाटंत. लय दिवस टिकत नाई." मग कुंपणाच्या बांबूला धरून म्हणाल्या, "आता गाडी चांगली झाली. दर महिन्याले येत जा. आन् मोरीवर आले का भोंगा वाजवत जा."

आलापल्लीच्या अलीकडे सागाखाली गाडी थांबवली. माझी पुरचुंडी खाल्ली. नंतर तिची खाल्ली. चटणी फार तिखट होती. जुलैपासून कोणताही पदार्थ तिखट लागल्याचे आठवत नाही.

मी एका आईशी खोटे बोललो आहे. हेमराजला हे सांगितले पाहिजे. तो मला काहीही म्हणो, त्याला तो अधिकार आहे.

२५ नोव्हेंबर. सावली

हेमराजला सारे सांगितले. तो रागावला नाही. दार लोटून घेतले आणि भिंतीला टेकून बसला.

"भाऊजी, आईले तं म्या पोयाच्या सनाच्या वक्तीच, ऑगस्टातच, सांगतलो. डोंग्यानं नदी उतरून गेलतो. लय रडली. मंग थेच म्हने — जवायाले सांगू नोको मले समजलं म्हून. त्याच्यावर एवढं एक काम राहू दे. नाई तं थो मानूस घरातून निघाचाच नाई."