नईमाच्या भिंतीचा फुगवटा

३ मार्च

आज अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉ. आरती. माझ्या किशोरहून लहान, आवाज बालवर्गाच्या बाईंचा. डाव्या डोळ्याच्या कॉर्नियात, म्हणजे बाहेरच्या काचेत, पाणी साचतं म्हणून सकाळी धुकं. ऑपरेशन करून काच बदलणार. मग स्कूटी पुन्हा सुरू, आणि 'आई, अकोल्याचं घर विकून आता आमच्याकडेच या' हे अमरावतीच्या सूनबाईंचं पालुपद बंद.

पण आधी थेंब घालून मागचा पडदा, रेटिना, तपासायचा म्हणे. कॉर्नियाच्या या रोगात काही जणांच्या रेटिनातही बदल सापडतात. दोघांचा संबंध काय, विचारलं. तर ते अजून नक्की कळलेलं नाही. ज्यांचं नक्की नाही त्यांनी माझ्या डोळ्यात थेंब घालू नयेत. मी कॉर्नियाची पेशंट, दुसऱ्या खात्यात जाणार नाही. उठून आले.

९ मार्च, सकाळी

हेअर ड्रायर हात लांब करून धरला, डोळ्यांवर कोमट हवा. पाणी सुकतं, डॉक्टरनेच सांगितलंय. शेजारची नईमा खिडकीतून बघत होती. नवऱ्याला ओरडून म्हणाली, "मॅडम पापडावानी डोये वाळवून राह्यल्या." खिडकी लावली.

दुपारी

धुकं ओसरलं. आणि काय दिसावं, तर नईमाची नवी कंपाउंड वॉल मधोमध फुगलेली, तीही माझ्या बाजूला. रेषा तपासताना एक डोळा मिटावा, हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं. मी उजवा मिटते. जन्मभर भूमिती शिकवली, वाकडं काय ते मला कळतं.

१० मार्च

दोन्ही डोळ्यांनी पाहिलं तर बरीचशी सरळ. म्हणजे फसवणूक विचारपूर्वक केलीय. महानगरपालिकेत अर्ज दिला.

२ एप्रिल

इंजिनियर आला. दोरी लावली, सरळ म्हणाला. आधी नईमाकडे चहा प्यायला होता. तिचा नवरा अब्दुल गफ्फार म्हणे, "मॅडम, कावून आमच्या मागं लागल्या? दोरी खोटं बोलते का?" म्हटलं, दोरीला बोलता येत नाही. तुम्हाला येतं, ते जरा कमी करा.

१८ मे

माझ्याच खिडकीचे गज वाकडे. कॅलेंडर वाकडं. इस्त्रीच्या साडीचा काठही. आमच्या जठारपेठेत कोणालाच सरळ काम जमत नाही. पेपरात मधली अक्षरं गायब. शाई वाचवतात.

१२ जून, अमरावतीहून परत

तपासणीशिवाय ऑपरेशनची तारीख देत नाहीत, म्हणून अखेर होकार दिला. सरळसरळ अडवणूक.

डॉ. आरतीने चौकटींचा कागद पुढे केला. उजवा डोळा मिटला. मधल्या रेषा फुगलेल्या. म्हटलं, हा कागद आमच्या नईमाच्या मिस्त्रीने आखलेला दिसतो. ती हसली नाही. आता डावा मिटा, म्हणाली. रेषा सरळ. कागद उलटा करून पाहिला. पुन्हा सरळ.

मग स्कॅन. डाव्या रेटिनाच्या ऐन मध्यात पाणी. पुढे पाणी, मागे पाणी, आणि तरी संबंध नक्की नाही म्हणतात.

वाकडं कधीपासून दिसतंय, तिने विचारलं. मार्चपासून. "काकू, मग तुम्ही कोणाला सांगितलं कसं नाही?"

सांगितलं की. महानगरपालिकेला.

जे गेलं ते परत येईल याची खात्री नाही. उरलेलं वाचवायला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, पहिलं मंगळवारी. कॉर्नियाचं नंतर बघू. स्कूटी बंद. आणि दर वेळी सोबत माणूस पाहिजे. नसेल तर सरळ मुलाकडे राहायला या, म्हणाली.

१३ जून

किशोरचा फोन. वरची खोली रंगवायला काढलीय. सूनबाईंनी रंगही ठरवला, फिका गुलाबी. सोबतीची व्यवस्था झालीय, असं सांगून मी फोन ठेवला.

संध्याकाळी नईमाच्या फाटकाशी गेले. गफ्फार म्हणाला, "आता काय वाकडं झालं, मॅडम?" मंगळवारी अमरावतीला जायचंय, सोबत कोणी येईल का, विचारलं. आतून नईमा म्हणाली, "मी येतो ना. पन आधी आमच्या भिंतीले सरळ म्हना."

उजवा डोळा मिटून पाहिलं. फुगलेलीच आहे.

सरळ म्हटलं.