दुसऱ्या फाटकापाशी बंद पडलेली गाडी

बाबा,

सकाळी आईला डायलिसिसला न्यायला निघालो, पण गाडी आपल्या कुरणाच्या दुसऱ्या फाटकापाशीच आचके देऊन बंद पडली. तुम्ही दिलेली इंजेक्टर साफ करायची बाटली मी कालच डिझेलमध्ये ओतली होती आणि गाडी पन्नास किलोमीटर फिरवूनही आणली होती. काळा धूर काही थांबला नाही. गॅरेजवाला डॅरल फोनवर म्हणाला, "इंजिनच झिजलंय रे. औषध पाजून म्हातारं तरुण होतं का?"

आईला हाताला धरून चालत घरी आणलं. आता शेजारच्या ग्लेनिसकाकू आम्हाला ब्रोकन हिलच्या हॉस्पिटलात सोडतायत.

आईनं या खेपेला सगळे कपडे भरलेत. आठवड्यातून तीनदा दोनशे किलोमीटर तिला झेपत नाहीत, म्हणून ती यापुढे हॉस्पिटलजवळच राहणार आहे. मी अडवलं नाही. तुमच्यासाठी तिचा निरोप आहे, तुमचं नाव घेऊन दिलेला: "केलला म्हणावं, आणखी बाटल्या आणू नकोस. तू पुष्कळ केलंस."

कुत्र्यांना खायला घातलंय. मटण ओव्हनमध्ये आहे.

तुम्ही मेंढ्यांकडून परत याल म्हणून ती अकरापर्यंत व्हरांड्यात बसून होती.

वेस